धन्य आहेस

माझ्या सासूबाईंचे सगळे शब्द गेले आणि एकच उरला. एखाद्या भल्या बाईचा "पाणी" उरला असता, "देवा" उरला असता, निदान मुलाचं नाव तरी उरलं असतं. आमच्या सासूबाईंचा उरला तो "धन्य". सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते काही उगीच नाही.

हा शब्द आमच्या घरात कसा चालायचा ते आधी सांगते, म्हणजे माझं डोकं का फिरतं ते कळेल. दूध उतू गेलं की "धन्य आहेस." मला कामावरून यायला उशीर झाला की घड्याळाकडे बघत "धन्य." माझ्या आईचा फोन आला की, "धन्य ती माउली, असं रत्न आमच्या पदरात टाकलं." आरडाओरडा नाही, शिवी नाही. हनुवटी वर करून, शेवट जरासा ओढून, तेवढा एक शब्द. दुसऱ्या कुणाला धन्य म्हटलं की साधुसंत आठवत असतील, मला उतू गेलेलं दूध आठवतं.

या घरात देवाचं नाव फक्त पायाला ठेच लागल्यावर निघायचं. त्यामुळे मी ख्रिस्ती व्हायचं ठरवलं तेव्हा कुणी आडवं आलं नाही. माझा नवरा जहाजावर स्वयंपाकी आहे, वर्षातला बराच काळ पाण्यावरच असतो. तो फोनवर म्हणाला, "तुला बरं वाटतंय ना? मग झालं." सासूबाई मात्र मी बाप्तिस्मा घेऊन ओल्या केसांनी आले तेव्हा दारातच उभ्या होत्या. "धन्य आहेस," म्हणाल्या. "घरात नळाला पाणी असताना आंघोळीला तिकडे गेलीस." खरं सांगते, मला हसू आलं होतं. बाई मुळात विनोदी. तिचा विनोद माझ्यावर बेतलेला नसता तर मी तिच्या मागेमागे हिंडले असते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्या सकाळच्या चहाचा कप हातात घेऊन स्वयंपाकघरात कोसळल्या. मेंदूत रक्ताची गाठ. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "कळतं त्यांना बरंचसं, पण शब्द सापडत नाहीत. मान हलवतात त्यावरही जाऊ नका, हो आणि नाही यांची गल्लत होते. कधीकधी आयुष्यभर तोंडात बसलेला एखादा शब्द तेवढा राहतो." मी म्हटलं, डॉक्टर, तो कुठला ते मला विचारा.

तर आता आमचं घर ऐका. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत त्यांचा पलंग, कारण चाकांची खुर्ची आतल्या दारातून जात नाही. पलंगाला लागून माझा कोच. एकुलती एक खिडकी, ती उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची पाठ, इतकी जवळ की तिच्या पाइपावरचा गंजसुद्धा मला पाठ झालाय. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. टाचांखाली उशी. नुसतं पाणी दिलं तर श्वासनळीत जातं, म्हणून पाण्यात एक पावडर घालून ते घट्ट करायचं आणि हनुवटी खाली धरून चमच्यानं पाजायचं. हे सगळं करताना वर ऐकायचं काय, तर "धन्य". चादर ओढली, धन्य. तोंड पुसलं, धन्य. भांडं लावलं, धन्य. बाईंचं अर्धं अंग गेलं पण माझा छळ पूर्ण चालू होता.

मी चष्म्याच्या दुकानात काम करायचे. गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवायचं, नाकावर ती जड चौकट चढवायची, काचा बदलत विचारायचं, "हे बरं की हे बरं?" फार आवडायचं मला ते. माणूस तक्त्याकडे डोळे बारीक करून बघत असतो, आपण एक काच सरकवतो आणि त्याचा चेहरा मोकळा होतो. सासूबाई पडल्या आणि ते सुटलं. मालकीणबाई बऱ्या, त्यांनी जागा राखून ठेवली होती. पण किती दिवस ठेवणार? शेवटी त्यांचा फोन आला. "महिनाअखेरपर्यंत वाट बघते गं. मग मात्र मला माणूस घ्यावाच लागेल."

त्याच आठवड्यात माझी नणंद येऊन बसली. ती नवऱ्याच्या पाठची, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, येते तेव्हा चपला काढायच्या आधी घाई काढते. "वहिनी, एक संस्था बघितलीय," ती म्हणाली. "स्वच्छ आहे. नर्स असतात. आईचं नाव घातलंय, त्यांच्या बाई पाहायला येतील. तू सुटशील गं." सुटशील हा शब्द ऐकून मी भिंतीला टेकले. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तू म्हणशील तसं. करतेस तू, ठरव तू." जहाजावरून हे म्हणायला काय जातं! इकडे आड, तिकडे विहीर, आणि हा मधे पाण्यात.

आता बायबलचं. मला मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाता येत नव्हतं, म्हणून मला शिकवायला तिथले कंडक्टरकाका घरी यायचे, दर बुधवारी दुपारी, काकूंना घेऊन. काका बसवर कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी सवय जात नाही, आमच्या चिमुकल्या खोलीतही "जरा पुढे सरका" म्हणतात. मला नावानं हाक मारत नाहीत, "चष्मेवाली" म्हणतात. त्यांचा पहिला धडा असा: "चष्मेवाली, चालत्या गाडीत चढायचं नाही. वचन मधूनच पकडलं की माणूस पडतो. थांब्यावरून चढ. कोण बोलतंय, कुणाला बोलतंय, कशापायी बोलतंय, हे बघ आणि मगच पाय ठेव."

मी म्हटलं बरं. त्या बुधवारी आम्ही येशूचं डोंगरावरचं प्रवचन काढलं. काका म्हणाले, "मोठ्यानं वाच." आणि मी वाचायला लागले तर काय, पहिल्याच ओळीत तोच शब्द! पुढच्या ओळीत परत तोच, त्याच्या पुढच्या ओळीतही तोच. दीनांना धन्य म्हटलंय, रडणाऱ्यांना धन्य म्हटलंय, छळ सोसणाऱ्यांना धन्य म्हटलंय. माझी हनुवटी आपोआप वर गेली आणि शेवट आपोआप ओढला गेला. मी ते सगळं सासूबाईंच्या आवाजात वाचलं. मला दुसरा आवाज माहीतच नव्हता.

काकूंनी तोंडावर हात ठेवला. काका चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले.

"काका, रागावू नका," मी म्हटलं, "पण तुमचा प्रभू टोमणे का मारतो?"

"टोमणे?"

"नाहीतर काय? रडणाऱ्याला धन्य म्हणायचं म्हणजे जखमेवर मीठ चोळणंच की. मला वाटलं होतं तो तरी वेगळा असेल. म्हणून तर आले मी तुमच्यात. हे म्हणजे आगीतून निघून फुफाट्यात."

पलंगावरून आवाज आला, "धन्य."

काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. काका हसले नाहीत. त्यांनी पुस्तक परत माझ्या हातात दिलं. "कुणाला बोलतोय ते बघितलंस? आधीचं पान वाच. कोण आलंय त्याच्याकडे?"

मी वाचलं. आजारी माणसं आली होती. वेदनांनी पिचलेली, झटके येणारी, लुळी पडलेली. लांबलांबून आली होती, त्यांना कुणी आणलंही होतं.

"एवढ्या लांबून आलेल्या लुळ्यापांगळ्यांना समोर बसवून कुणी टोमणा मारेल का?" काका म्हणाले.

"माझी सासू मारेल," मी म्हटलं.

"चष्मेवाली, सासूला जरा बाजूला ठेव."

"कुठे ठेवू काका? दोनच खोल्या आहेत."

काका गुडघ्यावर हात टेकून उठले. जाताना दारात ते एवढंच म्हणाले, "हे बघ, कागदावर आवाज छापलेला नसतो. तो कसा बोलला ते ऐकायला मी तिथे नव्हतो, तूही नव्हतीस. पण तू वाचलंस तो आवाज पुस्तकातला नव्हता, तो तू घरून आणलास. एवढं लक्षात ठेव." घरून आणलास म्हणे. घराबाहेर पाऊल टाकायला मिळत नव्हतं आणि म्हणे घरून आणलास. मी भयंकर चिडले.

पण डोक्यात ते बसलं. दुकानात अशी गिऱ्हाइकं यायची. नंबर वाढला हे कळू नये म्हणून बाकावर वाट बघता बघता समोरचा तक्ता पाठ करायची. खुर्चीत बसली की शेवटची ओळ धडाधड म्हणून दाखवायची, दिसत काहीच नसायचं. मालकीणबाईंनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, पाठ असलेलं म्हणणं म्हणजे वाचणं नव्हे, संशय आला की तक्ता उलटव.

मग मी नुसतं गंमत म्हणून लक्ष द्यायला लागले. सासूबाईंचा धन्य ऐकला की चिडायच्या आधी त्यांच्याकडे बघायचं. तर असं दिसलं की खिडकीकडे बघत आखूड धन्य, तो उजेड डोळ्यांवर येतो म्हणून. डोळे मिटून लांब धन्य, तो डाव्या खांद्यात कळ येते म्हणून. ओठ चाटून झाल्यावर पाण्याचा. आणि हनुवटी वर करून शेवट ओढलेला, माझ्या ओळखीचा, तोही होता बरं का! सूप गार झालं की हमखास. जित्याची खोड. पण मला वाटलं होतं तेवढा तो नव्हता. दिवसात फार तर एखाददुसरा.

हे कळून मला काही उमाळा आला नाही, हेही सांगून टाकते. उलट जास्तच कोंडल्यासारखं झालं. टोमणे मारणाऱ्या बाईला संस्थेत पाठवणं सोपं असतं. जिचा खांदा दुखतो तिला पाठवणं अवघड. मी काकूंना फोन करून म्हटलंसुद्धा, "तुमच्या बायबलनं माझी वाट लावली."

मग ते लिफ्टचं झालं. पाण्यात घालायची पावडर संपली होती म्हणून सासूबाईंची दुपारची झोप बघून मी धावत खाली गेले. येताना लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे थांबली ती थांबलीच. दिवा गेला. आमची लिफ्ट म्हणजे उभं कपाट, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. मी घंटा दाबली, दारावर थापा मारल्या. खालून रखवालदार ओरडला, "बाई, माणूस बोलावलाय, निघालाय." निघालाय म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. मी ओरडत राहिले, "कुणी आहे का? अहो, कुणी आहे का?"

आणि वरून ऐकू यायला लागलं. "धन्य. धन्य. धन्य." त्या जाग्या झाल्या होत्या आणि घरात कुणी नव्हतं. आवाज फाटला होता. हा शब्द त्यांनी इतक्या मोठ्यानं कधी उच्चारला नव्हता, टोमणा काय कुणी ओरडून मारतं? मी अंधारात उभी, हातात पावडरीचा डबा. मी खाली ओरडत होते, त्या वर ओरडत होत्या, आणि दोघींचं म्हणणं एकच होतं. माझी बडबड कुणालाही कळली असती. त्यांची कळायला जगात एक माणूस होतं आणि ते लिफ्टमध्ये अडकलं होतं.

सुटून वर गेले तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता आणि चादर अर्धी खाली. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं, किती तरी वेळ सोडलं नाही. मी म्हटलं, "आले आई. लिफ्टनं घात केला." त्या रडतच राहिल्या. मी पण रडले, रागानं रडले की कशानं कुणास ठाऊक.

संस्थेच्या बाई महिनाअखेरीच्या आधीच आल्या. नणंद सकाळपासून येऊन बसली होती, खोली आवरत होती, मला सांगत होती. "हे बघ वहिनी, ते कुणाला मर्जीविरुद्ध घेत नाहीत. आई शुद्धीत आहे, तेव्हा तिलाच विचारणार. ती धन्य म्हणणार. तू फक्त मधे बोलू नकोस. तोंडाला कुलूप."

"आणि त्यांना यायचं नसेल तर?"

"मग तू इथंच बस जन्मभर." ती हे वाईटपणानं बोलली नाही. तिचेही डोळे भरले होते. "वहिनी, आरशात बघ एकदा स्वतःला. मला माझं घर सोडून येता येत नाही, दादा येत नाही. तू मेलीस तर आईचं कोण करणार?"

बाई खरंच चांगल्या होत्या. त्यांची चूक काढायला मला काही सापडलं नाही आणि त्याचाही मला राग आला. त्यांनी सासूबाईंच्या टाचा बघितल्या, पाठ बघितली, म्हणाल्या, "इतकं नीट कुणी ठेवत नाही हो." मग खुर्ची पलंगाजवळ ओढून अगदी प्रेमानं विचारलं, "आजी, आमच्याकडे याल राहायला? खोलीतून बाग दिसते. बोलायला माणसं आहेत."

सासूबाई म्हणाल्या, "धन्य."

बाईंचा चेहरा उजळला. "अगंबाई! आजी तर खूशच झाल्या. धन्य झाले म्हणतायत."

"हो ना," नणंद म्हणाली. "तेच म्हणतेय ती." आणि पलंगाआडून तिचा पाय माझ्या पायावर पडला.

मला खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. सुंठीवाचून खोकला चालला होता. डोळ्यांसमोर दुकान आलं, काचांचे कप्पे आले, दुपारचं खिडकीतलं ऊन आलं. रविवारी मंडळीत मागच्या बाकावर बसणं आलं. सलग झोप आली, देवाशप्पथ, त्या झोपेसाठी मी काय वाटेल ते दिलं असतं. बाईंनी पिशवीतून कागद काढले.

पण सासूबाई बाईंकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. हनुवटी वर नव्हती, शेवट ओढलेला नव्हता, डोळे मिटलेले नव्हते. माझ्या ओळखीच्या धन्यांमधला हा एकही नव्हता. कोण बोलतंय? त्या. कुणाला बोलतंय? मला. कशापायी? तिथं मी अडकले. घालवलंस ना मला, धन्य आहेस, असं असेल. किंवा जा बाई, सूट एकदाची, असंही असेल. दुसरं असेल तर मी मोकळी. आणि मला इतकं दुसरं हवं होतं की दुसरंच ऐकू यायला लागलं. त्या बाकावरच्या गिऱ्हाइकांसारखी मी न बघता शेवटची ओळ म्हणत होते.

"थांबा," मी म्हटलं.

नणंदेचा पाय जोरात दाबला गेला. मी माझा काढून घेतला.

पलंगाच्या कडेवर बसले, सासूबाईंचा डावा हात हातात घेतला आणि दुकानात विचारायचे तसं विचारलं. "आई, दोन गोष्टी सांगते. बरी वाटेल तिथे हात दाबा. पहिली, तिकडे बागेच्या खोलीत." थांबले. बोटं तशीच. "दुसरी, इथं." बोटं आवळली गेली.

काही गिऱ्हाइकं नेहमी दुसरंच बरं म्हणतात. म्हणून काचा उलट क्रमानं दाखवायच्या असतात. "परत विचारते. पहिली, इथं." बोटं आवळली. "दुसरी, तिकडे." सैल पडली.

"चुकून झालं असेल," नणंद म्हणाली. तिनं येऊन तो हात स्वतःच्या हातात घेतला. "आई, मी विचारते. तिकडे?" काही नाही. "इथं?" तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. हात तिला सोडवून घ्यावा लागला.

इतके महिने हा हात तसाच होता. दाबता येत होता, सोडता येत होता. मला सुचलं नाही, कारण आजवर आम्ही कुणी त्यांना काही विचारलंच नव्हतं.

बाईंनी कागद परत पिशवीत ठेवले. "बरं झालं तुम्ही विचारलंत," त्या म्हणाल्या. बरं झालं म्हणे. याला आमच्याकडे म्हणतात हात दाखवून अवलक्षण. त्या गेल्या, जिना उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज शेवटपर्यंत ऐकू आला. लिफ्ट बंद होती.

नणंदेनं पर्स उचलली. दारात वळली. ती हुबेहूब आईवर गेलीय, ते मला त्या क्षणापर्यंत दिसलं नव्हतं. हनुवटी वर गेली.

"धन्य आहेस वहिनी," ती म्हणाली. शेवट ओढून.

आणि पलंगावरून आवाज आला, "धन्य."

एकाच खोलीत, एकामागोमाग, अक्षर न अक्षर तेच. पहिला मला लग्नापासून पाठ होता. दुसरा या घरात मी पहिल्यांदा ऐकला. नणंदेनंही ऐकला. ती उंबऱ्यात तशीच उभी राहिली, मग पर्स छातीशी धरून रडत खाली गेली.

मला आनंदबिनंद काही झाला नाही. कुणी तसं सांगितलं तर खोटं आहे. मी दुकानात फोन केला आणि मालकीणबाईंना म्हटलं, माणूस घ्या. त्या म्हणाल्या, "बरं." फोन ठेवला आणि समोरच्या इमारतीच्या पाइपाकडे बघत मी चांगली हुंदके देऊन रडले. सासूबाई बघत होत्या. बुधवारी काका विचारतील, चष्मेवाली, काय कळलं? सांगेन, टोमणा नव्हता एवढं कळलं. रडणाऱ्याला धन्य का म्हणायचं ते अजूनही कळलेलं नाही, आणि तेवढं न कळता मी या दोन खोल्यांत आणखी किती वर्षं काढणार आहे ते त्यांनी मला सांगावं.

तेवढ्यात कूस बदलायची वेळ झाली. मी नाक पुसलं, उठले, चादरीला हात घातला आणि थांबले. रोज मी माझ्या सोयीनं त्यांना वळवायचे. मग मी त्यांचा हात हातात घेतला आणि विचारलं, "आई, पहिली, भिंतीकडे. दुसरी, माझ्याकडे."

पहिलीला त्यांनी हात सैलच ठेवला.